उभ्या गाडीची बॅटरी चार दिवसांत उतरते. दोष नेमका कोणत्या क्रमाने शोधावा?

प्रश्न – पुणे

माझ्याकडे 2016 सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून तिला 35 अँपिअर-अवरची बॅटरी आहे. माझे कार्यालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे गाडी शनिवारी आणि रविवारीच बाहेर निघते. एरवी ती आमच्या इमारतीच्या तळघरात उभी असते. गेल्या पाच महिन्यांपासून रविवारी रात्री लावलेली गाडी मंगळवारपर्यंत नीट सुरू होते, बुधवारी कुरकुरत सुरू होते आणि गुरुवारी किल्ली फिरवली की सेल्फचा नुसता कट-कट आवाज येऊन डॅशबोर्डवरचे दिवे विझत जातात.

पहिल्यांदा असे झाले तेव्हा गॅरेजमध्ये बॅटरी जुनी झाल्याचे सांगण्यात आले आणि मी साडेचार हजार रुपये देऊन नवी बॅटरी बसवली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच घडले. मग इंजिन चालू ठेवून मीटर लावण्यात आला, 13.6 व्होल्ट दिसले आणि ‘चार्जिंग ठीक आहे’ असा निर्वाळा मिळाला. दुसऱ्या एका वायरमनने नंतर बसवून घेतलेल्या म्युझिक सिस्टिमवर संशय घेतला. तिचा फ्यूज काढून आठवडाभर पाहिले, परंतु काहीही फरक पडला नाही. आतापर्यंत चार वेळा शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून गाडी सुरू केली आहे.

माझे वडील 74 वर्षांचे असून त्यांना हृदयविकार आहे. त्यांना कोणत्याही वेळी रुग्णालयात न्यावे लागू शकते, त्यामुळे गाडी हमखास सुरू होणे ही आमच्या घरची निकड आहे. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो वापरण्याची थोडीफार सवयही आहे. अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्याऐवजी दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिले उत्तर – नाशिक

मी एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे वायरिंगचे काम केले. आमच्या बसगाड्या 24 व्होल्टच्या, म्हणजे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. परंतु उभ्या गाडीत बॅटरी का उतरते, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे सारख्याच मार्गाने सापडते.

संशय तीनच गोष्टींवर घ्यायचा असतो. बॅटरी स्वतः भार धरून ठेवत नसेल, किंवा गाडी चालताना ती पुरेशी भरली जात नसेल, किंवा गाडी बंद असताना कोणीतरी तिच्यातून प्रवाह खेचत असेल. तुमची बॅटरी बदलली गेली तेव्हा या तिघांपैकी दोष कोणाचा, हे कोणी तपासलेच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ते तपासायला केवळ व्होल्टमीटर आणि तीन दिवसांचा धीर पुरेसा असतो.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. चार्जर काढल्यावर किमान सहा-सात तास तिला स्वस्थ राहू द्या, कारण नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज काही काळ फसवा, चढा दिसतो. त्यानंतर निगेटिव्ह टर्मिनलची केबल काढून बाजूला ठेवा आणि बॅटरीच्या दोन खांबांवर व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12 च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. केबल तशीच सुटी ठेवून तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा फारसा हलला नसेल तर बॅटरी निर्दोष आहे आणि चोर गाडीत आहे. केबल सुटी असूनही आकडा 12.3 च्या आसपास उतरला, तर बॅटरीचाच एखादा सेल गेलेला आहे आणि पुढचे काहीही शोधण्याची गरज नाही. बॅटरीला झाकणे असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलच्या आम्लाची घनता पाहता येते. एका सेलची घनता इतरांपेक्षा 0.05 ने कमी असेल तर तोच सेल दोषी.

केबल काढण्यापूर्वी एक काळजी घ्या. वीज तुटल्यावर डिकी किंवा दरवाजे विजेच्या कुलपाने उघडणार नाहीत, म्हणून गाडीची लोखंडी किल्ली हाताशी ठेवा. केबल काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘गाडी बंद पडली तर डायनॅमो खराब’ असा निकाल देणारे लोक आजही भेटतात. ही रीत जुन्या डायनॅमोच्या काळातली आहे. आजच्या गाडीत बॅटरी सुटताच अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतो आणि इंजिनचा संगणक कायमचा निकामी होऊ शकतो. असे कोणालाही करू देऊ नका.

दुसरे उत्तर – कुडाळ

वरील क्रम योग्य आहे. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस असल्यामुळे एक लहानशी भर घालतो. बॅटरीच्या माथ्यावर धूळ, ओल आणि आम्लाचा पापुद्रा साचला तर त्या ओल्या थरातूनच दोन टर्मिनलमध्ये प्रवाह झिरपत राहतो. व्होल्टमीटरचे एक टोक निगेटिव्ह टर्मिनलला लावून दुसरे टोक बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या माथ्यावर फिरवावे. तेथे व्होल्टेज दिसला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने माथा पुसून कोरडा करावा, मात्र ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नये. एवढ्याने बॅटरी चार दिवसांत रिकामी होणार नाही, परंतु मोजमाप सुरू करण्यापूर्वी ही शंका मिटलेली बरी. तळघरात उंदीर असतील तर बोनेटखालच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, हेही टॉर्चच्या उजेडात एकदा पाहून घ्यावे.

तिसरे उत्तर – ठाणे

बॅटरी निर्दोष ठरली तर पुढचे काम म्हणजे बंद गाडी किती प्रवाह खेचते हे मोजणे. हे मोजमाप सोपे दिसत असले तरी बहुतेक चुका येथेच होतात, म्हणून मी थोडे विस्ताराने लिहितो.

बंद असलेली आधुनिक गाडी शून्य प्रवाह घेत नाही. घड्याळ, रिमोटच्या कुलपाचा रिसीव्हर आणि संगणकांची स्मृती यांसाठी तिला 20 ते 50 मिलिअँपिअर लागतात आणि ते रास्तच आहे. 30 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला 0.72 अँपिअर-अवर खर्च होतात, म्हणजे आपली 35 अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी व्हायला सुमारे 24 दिवस लागतील. याउलट डिकीतला 5 वॉटचा एक दिवा जळत राहिला तर तो 0.4 अँपिअरहून अधिक खेचतो आणि एका दिवसात 10 अँपिअर-अवर फस्त करतो. आपली गाडी चौथ्या दिवशी बंद पडते, त्यावरून आपल्याला याच पट्टीतला प्रवाह सापडेल, असा माझा अंदाज आहे.

मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या खाचेत घाला आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल व त्याची सुटी केबल यांच्यामध्ये जोडा, म्हणजे गाडीत जाणारा सर्व प्रवाह मीटरमधून जाईल. मीटर अशा स्थितीत असताना किल्ली फिरवायची नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, कारण सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर घेतो आणि मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडतो. उडालेल्या फ्यूजचा मीटर 0.00 दाखवतो आणि पाहणारा ‘गाडीत गळती नाही’ असे समजून निश्चिंत होतो. मी स्वतः एकदा याच आकड्यावर विसंबून दोन आठवडे गमावले आहेत. त्यामुळे आरंभी गाडीचा आतला दिवा लावून मीटर काहीतरी आकडा दाखवतो, याची खात्री करून घ्या. काम झाल्यावर लाल वायर लगेच व्होल्टच्या खाचेत परत लावा, कारण अँपिअरच्या खाचेत राहिलेली वायर नंतर कोणी बॅटरीच्या दोन टोकांना लावली तर तो थेट शॉर्ट सर्किट होतो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. केबल काढून पुन्हा जोडली की गाडीतले सारे संगणक जागे होतात आणि पुढची काही मिनिटे दोन-तीन अँपिअरही घेतात. ते झोपी जायला काही गाड्यांत दहा मिनिटे, तर काहींत चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांतला आकडा पाहून घाबरणे किंवा त्यावरून निष्कर्ष काढणे, दोन्ही चूक. शिवाय बोनेट किंवा दरवाजा उघडा असेल तर गाडी झोपतच नाही. म्हणून दरवाजाच्या आणि बोनेटच्या कुलपाची जीभ पेचकसाने दाबून ‘बंद’ स्थितीत आणा, गाडी रिमोटने कुलूपबंद करा आणि किल्ली घरात दूर नेऊन ठेवा. मोजून झाल्यावर दोन्ही जिभा पुन्हा मोकळ्या करायला विसरू नका. बोनेट तसेच आपटले तर कुलूप वाकते.

केबल काढताना गाडी जागी होऊ नये यासाठी एक युक्ती आहे. दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जाड वायरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे केबलच्या टोकाला आधीच लावा, मग केबल सोडवा. प्रवाह त्या वायरमधून चालू राहील. तासाभराने मीटर याच दोन ठिकाणी समांतर जोडा आणि नंतर वायर काढा. गाडीची झोप न मोडता खरा आकडा मिळतो. डी.सी. मोजणारा आणि मिलिअँपिअरपर्यंत आकडा दाखवणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, मिळाला तर काहीच सोडवावे लागत नाही, परंतु बाजारातले बरेचसे स्वस्त क्लॅम्प मीटर केवळ ए.सी. प्रवाह मोजतात, त्यांचा येथे उपयोग नाही.

प्रवाह जास्त निघाला तर एकेक फ्यूज उपसत बसू नका. फ्यूज काढून परत घातला की त्या वाटेवरचा संगणक जागा होतो, आकडा वरखाली होतो आणि दिशाभूल होते. त्याऐवजी फ्यूज जागेवरच असू द्या. त्याच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांमधला व्होल्टेज मोजा. फ्यूजमधून प्रवाह जात नसेल तर आकडा शून्य येतो. लहान आकाराच्या 10 अँपिअरच्या फ्यूजमधून 100 मिलिअँपिअर जात असतील तर साधारण पाऊण मिलिव्होल्ट दिसतो. बोनेटखालचा आणि स्टिअरिंगखालचा, असे दोन्ही फ्यूज बॉक्स याच पद्धतीने तपासावेत आणि आकडे येथे कळवावेत.

प्रश्नकर्ता – पुणे

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सर्व मोजमापे करायला नऊ दिवस लागले.

केबल सुटी ठेवून केलेल्या पहिल्या तपासणीत बॅटरी 12.66 व्होल्टवर होती आणि तीन दिवसांनी 12.61 वर, म्हणजे नवी बॅटरी निर्दोष आहे. बॅटरीचा माथा कोरडा असून वायरी कुरतडलेल्या दिसल्या नाहीत.

प्रवाहाचे मोजमाप चिमट्याच्या वायरची युक्ती वापरून, रात्री साडेदहा वाजता केले. पहिल्या दोन मिनिटांत मीटरवर 2.1 अँपिअर होते, पंधरा मिनिटांनी 0.61, चाळीस मिनिटांनी 0.34 आणि दीड तासानंतरही 0.34. हा आकडा पुढे हललाच नाही. दिवसाला 8 अँपिअर-अवर या हिशेबाने बॅटरी दोन दिवसांत अर्धी आणि चौथ्या दिवशी जवळपास रिकामी होते. माझ्या गुरुवारच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते.

परंतु येथून पुढे मी अडलो आहे. दोन्ही फ्यूज बॉक्समधील प्रत्येक फ्यूजवर मिलिव्होल्ट मोजले. दोन ठिकाणी 0.1 आणि बाकी सर्वत्र 0.0 आले. डिकीतला आणि ग्लोव्ह बॉक्समधला दिवा, मोबाइल आत ठेवून चित्रीकरण करून पाहिला, दोन्ही विझतात. मग हा प्रवाह जातो तरी कोठे? माझ्या मोजण्यात काही चूक होत आहे का?

पहिले उत्तर – नाशिक, दुसऱ्यांदा

तुमच्या मोजण्यात चूक नाही. उलट तुम्ही शोधाचे क्षेत्र फार अरुंद करून दिले आहे. लहान फ्यूजपैकी एकातूनही एवढा प्रवाह जात नाही, याचा अर्थ तो त्यांना वळसा घालून जातो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून त्या फ्यूजना टाळून जाणाऱ्या जाड केबल मोजक्याच असतात: एक सेल्फकडे आणि एक अल्टरनेटरकडे. सेल्फच्या रिलेचे टोक चिकटले असते तर सेल्फ फिरतच राहिला असता. उरतो अल्टरनेटर.

अल्टरनेटर आत ए.सी. वीज तयार करतो आणि डायोड तिची डी.सी. करतात. हेच डायोड एकमार्गी झडपेचेही काम करतात: अल्टरनेटरकडून बॅटरीकडे वीज जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. डायोड बिघडला किंवा रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) नीट बंद झाला नाही, तर इंजिन बंद असतानाही बॅटरीची वीज अल्टरनेटरमध्ये झिरपत राहते. यात एक फसवी गोष्ट अशी की, एक डायोड गेला तरी बाकीचे काम करत राहतात आणि इंजिन चालू असताना 13.5 व्होल्टच्या पुढे आकडा दिसतोच. तुम्हाला 13.6 चा निर्वाळा मिळाला, तो याच कारणाने अपुरा होता. निरोगी गाडीत 13.8 ते 14.5 दिसायला हवेत.

दोन तपासण्या करा. इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा, मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. डायोड चांगले असतील तर आकडा अगदी किरकोळ येतो. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर डायोडवर संशय पक्का. मात्र काही स्वस्त मीटर ए.सी.वर ठेवूनही डी.सी. व्होल्टेज मिसळून भलताच मोठा आकडा दाखवतात, म्हणून इंजिन बंद असताना हेच मोजून शून्य येते ना, ते आधी पाहा.

दुसरी तपासणी निर्णायक आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, मगच अल्टरनेटरच्या मागची जाड केबल सोडवा आणि तिचे टोक रबरी नळीत किंवा टेपमध्ये नीट गुंडाळा, कारण ते थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेले असते. त्यानंतर पूर्वीप्रमाणे प्रवाह मोजा. केबल सुटी असेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही.

तिसरे उत्तर – ठाणे, दुसऱ्यांदा

मी या मताशी पूर्ण सहमत आहे. डायोड तापला की त्यातली गळती वाढते, म्हणून शक्य असल्यास एक मोजमाप गाडी चालवून आल्यावर तासाभराने आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे. म्युझिक सिस्टिमवरचा संशयही अवाजवी नव्हता. तिची पिवळी वायर कायमच्या विजेची आणि लाल वायर किल्लीबरोबर येणाऱ्या विजेची असते. बसवणारे अनेकदा सोयीसाठी दोन्ही एकत्र जोडतात आणि मग ती यंत्रणा कधीच पूर्ण बंद होत नाही. पण आपण फ्यूज काढून पाहिला असल्याने आपल्या गाडीत तो मार्ग आधीच बाद झाला आहे.

प्रश्नकर्ता – पुणे

दोष सापडला.

इंजिन बंद असताना माझा मीटर ए.सी.वर 0.00 दाखवत होता. इंजिन चालू करून हेडलाइट लावल्यावर 0.92 व्होल्ट आले. अल्टरनेटरची जाड केबल सोडवून, गाडीला तासभर झोपू देऊन मोजले तेव्हा प्रवाह 0.34 वरून 0.03 अँपिअरवर उतरला. हा आकडा पाहताच मी मीटर तसाच ठेवून आईला खाली बोलावले, कारण पाच महिन्यांत पहिल्यांदाच नेमके कारण डोळ्यांसमोर होते.

घराजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनना मी सर्व आकडे वहीत लिहून दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले, अल्टरनेटर उतरवला आणि मी समोर असतानाच खोलला. डायोड प्लेटवरचे दोन डायोड दोन्ही दिशांनी प्रवाह जाऊ देत होते. संपूर्ण अल्टरनेटर बदलण्याची गरज पडली नाही. नाना पेठेतून डायोड प्लेट आणली आणि ब्रश झिजलेले होते, म्हणून तेही बदलून घेतले. आता हेडलाइट लावूनही इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट येतात आणि ए.सी.चा आकडा 0.04 आहे.

एक प्रश्न उरतो. नवी बॅटरी या पाच महिन्यांत चार वेळा पूर्ण उतरली. तिचे किती नुकसान झाले असेल?

पहिले उत्तर – नाशिक, तिसऱ्यांदा

बॅटरी रिकाम्या अवस्थेत राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तेवढी क्षमता कमी होते. थोडे नुकसान झालेच असेल. तिला गाडीच्या चार्जिंगवर सोडू नका, कारण आठवड्यातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास चालणारी गाडी तिला पूर्ण भरू शकत नाही. तीन ते साडेतीन अँपिअरच्या मंद चार्जरवर रात्रभर लावा आणि नंतर बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट करून घ्या. तिच्या शीत-प्रारंभ क्षमतेच्या (थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी देऊ शकेल त्या अँपिअरच्या, म्हणजे सी.सी.ए.च्या) निम्म्या अँपिअरचा भार पंधरा सेकंद दिल्यावर व्होल्टेज 9.6 च्या वर टिकला, तर बॅटरी निश्चिंतपणे वापरा.

प्रश्नकर्ता – पुणे

लोड टेस्टमध्ये पंधराव्या सेकंदाला 10.1 व्होल्ट आले. त्यानंतर रविवारी रात्री लावलेली गाडी मुद्दाम हलवली नाही. आज शुक्रवारी सकाळी बॅटरी 12.54 व्होल्टवर होती आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. वडिलांना घेऊन तपासणीसाठी जाऊन आलो.